दर कोणी बांधलेला नाही, पण हिशोब द्यावाच लागतो

नागपूरच्या काटोल रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६७ वर्षांचे, पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन. रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात तोंडी सांगितलं होतं, "सगळं मिळून सव्वा लाखात बसेल." सोमवारी संध्याकाळी पाचला भरती केलं, शनिवारी सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले घरी न्या, प्रत्यक्षात बाहेर पडायला संध्याकाळचे सात वाजले. बिल २,३८,००० रुपयांचं, एक पान, अकरा ओळी. त्यातली एक ओळ 'मेडिसिन्स अँड कन्झ्युमेबल्स – ७१,४००', आणि तळाशी 'जीएसटी – १,३५०'. मेडिक्लेमवाल्यांनी १,६२,००० मंजूर केले, ७६,००० खिशातून गेले. तपशील मागितला तेव्हा काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, सिस्टीममधून असंच निघते." आता महिना झाला. कायद्यात काही आहे का, की गप्प बसायचं?

गप्प बसू नका. पण 'बिल फार लावलं' एवढंच म्हणत भांडायलाही जाऊ नका, त्या वाक्यावर तुम्ही हराल. मी सहा वर्षं धंतोलीत बिलिंग काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो, मग वकिलीची सनद घेतली, आणि आता अठरा वर्षं तीच बिलं ग्राहक आयोगात बाहेरच्या बाजूनं वाचतो आहे. दोन्हीकडून एकच गोष्ट दिसते. 'महाग लावलं' या तक्रारीला काउंटर भीत नाही. 'सांगितलं एक, लावलं दुसरं' आणि 'लावलं ते दिलंच नाही' या दोन तक्रारींना भितो.

कारण साधं आहे. महाराष्ट्रात खासगी दवाखान्यानं पित्ताशयाच्या ऑपरेशनचे किती घ्यावेत हे सांगणारा कायदाच नाही. केंद्रानं २०१० साली क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला. त्याच्या २०१२ च्या नियमांत सरकारनं ठरवलेल्या मर्यादेतच दर आकारायचे अशी तरतूद आहे, पण आपल्या राज्यानं तो कायदा स्वीकारलेला नाही. आपल्याकडे अजून १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. दर बांधले गेले ते कोविडच्या काळात. २१ मे २०२० च्या अधिसूचनेनं ८० टक्के खाटांसाठी दिवसाला जनरल वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० असे आकडे घालून दिले आणि बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले. त्याच वेळी सरकारनं कोविड नसलेल्या रुग्णांच्या दरांनाही हात घातला. त्याविरुद्ध नागपुरातल्याच दवाखान्यांची संघटना उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात गेली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये कोर्टानं तो भाग रद्द केला. म्हणजे दर बांधण्याचा प्रश्न आपल्याच शहरात लढला गेला आणि रुग्णाच्या बाजूनं लागला नाही. हे माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस दोन वर्षं चुकीच्या दारावर डोकं आपटत राहतो.

मग हातात काय उरतं? १९४९ च्या कायद्याखालचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. त्यात रुग्णहक्कांची सनद आली, पंधरा बाबींचे दर दर्शनी भागात लावायची सक्ती आली: भरतीची फी, खाटेचं भाडं, आयसीयू, डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग वगैरे. अंदाजे खर्च रुग्णाला आधी सांगायचा आणि डिस्चार्जच्या वेळी बाबवार बिल द्यायचं, हेही त्यात आहे. तक्रार घ्यायला स्थानिक नोंदणी अधिकाऱ्याकडे कक्ष हवा. नागपूर शहरात हा अधिकारी म्हणजे महापालिकेचा आरोग्य विभाग, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक. दरफलक लावलेला असतो, नाही असं नाही. मी पाहिलेले दोन वॉटर कूलरच्या मागे होते आणि एकावर गणपतीच्या वर्गणीचं पत्रक चिकटवलेलं होतं. तुमच्या दवाखान्यातला फलक कुठे आहे ते उद्याच जाऊन बघा आणि मोबाइलवर फोटो काढा, तारखेसकट. तो बदलायच्या आधी.

आता तुमचं बिल. बाबवार बिल अजून हातात नाही, तरी या एका पानावरच दोन गोष्टी दिसतात.

पहिली, जीएसटी. दवाखान्याच्या उपचारावर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून फक्त एका गोष्टीवर ५ टक्के लागतो: आयसीयू सोडून जी खोली दिवसाला ५,००० रुपयांहून महाग आहे, तिच्या भाड्यावर. तुमच्या बिलात खोलीचं भाडं दिवसाला ४,५०० आहे. सहा दिवसांचे २७,००० झाले आणि त्याचे ५ टक्के बरोबर १,३५०. म्हणजे ज्या भाड्यावर कर लागतच नाही त्यावर तो लावून वसूल केला. रक्कम छोटी आहे, पण अर्जात ती सगळ्यात वर लिहा. तिच्यावर वाद घालायला जागाच नाही, आणि एकदा पहिली चूक दवाखान्यानं कबूल केली की पुढच्या ओळींवर बोलताना त्यांचा आवाज खाली येतो. हा कायदा नव्हे, काउंटरचा अनुभव आहे.

दुसरी, दिवस. सोमवारी संध्याकाळी पाच ते शनिवारी सकाळी दहा, हे चोवीस तासांच्या हिशोबानं मोजा की दुपारी बारा ते बाराच्या, पाच दिवस होतात. संध्याकाळी सात धरले की दोन्ही पद्धतींनी सहा. सहावा दिवस वडिलांच्या आजारामुळे नाही, कागद फिरत होते म्हणून लागला. खोलीबरोबर नर्सिंग आणि आरएमओ (निवासी डॉक्टर) चार्जही त्या दिवसाचे लागले असणार. कॅशलेस होतं ना? मग मोबाइलमध्ये विमा कंपनीचे किंवा टीपीएचे (कंपनीच्या वतीनं क्लेम पाहणाऱ्या मधल्या संस्थेचे) मेसेज शोधा. दवाखान्यानं अंतिम बिल किती वाजता पाठवलं आणि मंजुरी किती वाजता आली, या दोन वेळा हव्यात. विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची असते. उशीर झाला आणि त्यापायी दवाखान्यानं जादा रक्कम लावली, तर ती कंपनीनं भागधारकांच्या निधीतून भरायची. फाइल दुपारी दीडला गेली आणि मंजुरी सव्वासहाला आली असेल तर तो दिवस कंपनीच्या माथी. आणि दवाखान्यानंच फाइल चार वाजेपर्यंत दाबून ठेवली असेल तर दवाखान्याच्या. दोन्हीकडे तुमचा खिसा येत नाही.

तोंडी सांगितलेल्या सव्वा लाखाचं काय, हा खरा प्रश्न. बहुतेक लोक इथेच हात टेकतात, 'लिहून कुठे दिलंय' म्हणून. लिहून दिलेलं असतं, फक्त तुम्हाला नाही. कॅशलेससाठी विमा कंपनीकडे जो पूर्वमंजुरीचा फॉर्म जातो, त्यात दवाखान्याला अंदाजे खर्च रकान्यांत भरावा लागतो: खोली, तपासण्या, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांची फी, औषधं आणि एकूण. खाली दवाखान्याचा शिक्का, डॉक्टरांची सही आणि तुमचीही सही असते. त्या घाईत ती केल्याचं तुम्हाला आठवतही नसेल. त्या फॉर्मची प्रत विमा कंपनीकडे ई-मेलनं मागा. तिथे सव्वा लाख लिहिलेले असतील तर वरच्या प्रत्येक रुपयाचं कारण दवाखान्यानं द्यायचं. कारणं असूही शकतात, तेही सांगतो. सूज फार असली, दुर्बिणीचं ऑपरेशन उघडं करावं लागलं, ताप उतरला नाही, तर खर्च वाढतो आणि तो वाढणं खोटं नसतं. पण मग त्याची नोंद केसपेपरवर असते आणि वाढीव खर्चाचं नातेवाइकांशी बोलल्याची सहीही असायला हवी.

आता त्या ७१,४०० च्या ओळीकडे येतो. मला विचाराल तर सगळी लढाई इथे आहे.

मागे उमरेडकडच्या एक ताई आल्या होत्या, नवरा अकरा दिवस आयसीयूत होता. दोन पिशव्या घेऊन आल्या. एकीत दवाखान्यातल्या मेडिकलच्या पावत्या, दुसरीत केसपेपरच्या झेरॉक्स. माझ्या ऑफिसातल्या टेबलावर जागा पुरेना म्हणून आम्ही जमिनीवर पेपर पसरून बसलो. पावत्यांमधून मेरोपेनेम या अँटिबायोटिकच्या वायल (इंजेक्शनच्या कुप्या) मोजल्या, ३१ निघाल्या. मग नर्सचा ट्रीटमेंट चार्ट घेतला, ज्यात प्रत्येक डोस दिला की वेळ टाकून सही करतात. आठ तासांनी एक डोस, मधे दोन दिवस बंद, मग वेगळंच औषध सुरू. सह्या मोजल्या: २२. नऊ वायल कुठे गेल्या? ताई म्हणाल्या, "मी तं रोज खालून पुडा आणून सिस्टरच्या हातात देत होती." डॉक्टरांनी औषध बदललं तेव्हा उरलेल्या वायल मेडिकलला परत जायला हव्या होत्या आणि बिलातून वजा व्हायला हव्या होत्या. परत गेल्या असतील, पण त्यांच्या बिलात 'रिटर्न'ची नोंद कुठेच नव्हती. मी फक्त एक तक्ता केला: तारीख, पावतीत किती, चार्टवर किती, फरक. खाली एक ओळ लिहिली की फरकाचा खुलासा सात दिवसांत करावा. दहाव्या दिवशी धनादेश आला, वायलचा आणि ग्लोव्हजचाही. ग्लोव्हज तर आम्ही मोजलेही नव्हते.

म्हणून बाबवार बिलाइतकाच केसपेपर महत्त्वाचा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णानं किंवा अधिकृत नातेवाइकानं मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या आणि भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या. मधे २०२३ साली नवे नियम आले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच चालतात. एक बारीक गोष्ट: ही आचारसंहिता डॉक्टरांना बांधते. म्हणून अर्जावर नुसतं 'व्यवस्थापक' लिहू नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आधी लिहा. एमआरडीतला (नोंदी ठेवणाऱ्या विभागातला) माणूस 'मॅडमना विचारून सांगतो' म्हणत आठवडा काढतो. डॉक्टरांना स्वतःच्या नावानं अर्ज गेला की फाइल बाहेर येते. आणि मागताना 'सर्व कागद' असं मोघम म्हणू नका. डिस्चार्ज कार्ड देऊन बोळवण करतील. ट्रीटमेंट चार्ट, नर्सिंग नोट्स, ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद, मेडिकलचे इंडेंट (मागणीच्या चिठ्ठ्या) आणि रिटर्न, प्रत्येकाचं नाव लिहा.

औषधांच्या किमतीबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. 'एमआरपीपेक्षा जास्त लावलं असेल' असं वाटतं. तसं क्वचितच सापडतं, कारण त्याची गरजच नसते. एमआरपीच फुगवून छापून येते. सिरिंज, कॅन्युला, आयव्ही सेट कुठल्या कंपनीचा घ्यायचा ते रुग्ण नाही, दवाखाना ठरवतो. त्यामुळे कंपनी रुग्णासाठी स्वस्त करत नाही, दवाखान्याचं मार्जिन मोठं करते. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं २०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार खासगी दवाखान्यांची बिलं तपासली तेव्हा खरेदीवरचं मार्जिन काही बाबतीत १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेलं आढळलं. आणि त्यात एमआरपीचा भंग असेलच असं नाही. ज्या औषधांवर आणि वस्तूंवर सरकारनं कमाल किंमत घातली आहे तिथे मात्र धरता येतं. हृदयातल्या स्टेंटवर फेब्रुवारी २०१७ पासून मर्यादा आहे, गुडघ्याच्या सांध्यावर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून. स्टेंटची किंमत बिलात वेगळी दाखवावी लागते, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबरसकट. खोक्यावरचा स्टिकर केसपेपरला लावलेला असतो, त्याचा फोटो घ्या.

आतल्याच मेडिकलमधून औषधं घ्यायची सक्ती हा दुसरा मोठा विषय. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता. केंद्रानं तिथे सांगितलं की अशी सक्ती नाही. कोर्टानं स्वतः बंधन घातलं नाही, धोरण आखायचं काम राज्यांवर सोडलं. मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही औषध कुठून घ्यायचं हे निवडायचा हक्क आहे. तरी ऑपरेशन टेबलावर माणूस असताना 'मी सीताबर्डीतून आणतो' असं कोणी म्हणत नाही, हेही मला कळतं. निदान वॉर्डात चिठ्ठी हातात देतात तेव्हा 'बाहेरून आणलं तर चालेल ना' एवढं विचारा. 'नाही' म्हणाले तर ते लिहून मागा. लिहून कोणी देत नाही, आणि मग बाहेरचं चालतं.

मेडिक्लेमनं कापलेल्या रकमेत 'अॅडमिशन किट', 'फाइल चार्जेस', 'डिस्चार्ज प्रोसेस चार्जेस' असं काही आहे का बघा. विमा नियामकाच्या याद्यांमध्ये एक यादी अशी आहे की त्यातल्या वस्तू वेगळ्या लावायच्याच नाहीत, खोलीच्या भाड्यात धरायच्या. तिच्यात फाइल उघडणं आहे, रुग्णाच्या मनगटावरचा नावाचा पट्टा आहे, साफसफाई आहे, पल्स ऑक्सिमीटर आहे, कंगवा आणि चपलासुद्धा आहेत. कंपनी त्या देत नाही आणि दवाखाना त्या तुमच्याकडून घेतो, दोघंही निवांत. कंपनीला लिहून विचारा की तुमच्या नेटवर्कमधल्या दवाखान्याला या बाबी रुग्णाकडून वेगळ्या घ्यायची मुभा करारात आहे का. उत्तर काहीही येवो, ते तुमच्या फाइलीला उपयोगी पडेल.

तुमच्या वडिलांना पैशासाठी अडवलं नव्हतं, कागदासाठी थांबवलं. पण हा प्रसंग इतका येतो की सांगून ठेवतो. बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला कोंडून ठेवता येत नाही. ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली बेकायदा अटकाव ठरतं, आणि मुंबई उच्च न्यायालयानंही अशी अडवणूक बेकायदेशीर असल्याचं म्हटलं आहे. मृतदेह तर कोणत्याही कारणानं अडवता येत नाही, हे २०२१ च्या नियमांतच आहे. ११२ ला फोन करा, 'आमच्या माणसाला बिलासाठी सोडत नाहीत' एवढं एक वाक्य सांगा. बहुतेक वेळा पोलिस पोचायच्या आधी गेटपास तयार होतो. बिल मात्र माफ होत नाही, दवाखाना दिवाणी दावा लावू शकतो. अशा वेळी उरलेल्या रकमेचं हमीपत्र द्या, पण कोरा चेक देऊ नका. तो वटला नाही तर तुमच्यावरच फौजदारी केस होते, आणि बिल खरं की खोटं हा मुद्दा बाजूला पडतो. भरायचेच असतील तर बिलाच्या प्रतीवर 'तपशील मिळालेला नाही, हरकत राखून भरत आहे' असं लिहून सही करा. तुम्ही ते केलं नाही म्हणून हक्क जात नाही, केलं असतं तर पुढचं सोपं झालं असतं इतकंच.

आवाज चढवू नका, हेही कायद्याच्याच अंगानं सांगतोय. दवाखान्यातल्या माणसांवर हात उचलणं किंवा काचा फोडणं याला २०१० चा राज्याचा वेगळा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. एका पोरानं काउंटरवरचा मॉनिटर ढकलला आणि बिलातली उघड ६० हजारांची चूक सोडून आम्ही चार महिने जामिनाच्या मागे होतो.

पावतीवर दवाखान्याच्या नावाखाली 'ट्रस्ट' किंवा 'संस्था' असं काही छापलं आहे का, तेही बघा. धर्मादाय नोंदणी असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक लागू होतं आणि उच्च न्यायालयानं २००६ साली घालून दिलेली योजनाही. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. यासाठी दवाखान्याला एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. तातडीच्या रुग्णाला दारात डिपॉझिटसाठी थांबवता येत नाही. नागपुरात धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा; उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड आधीच जवळ ठेवा. तुमचं मेडिक्लेम आहे म्हणजे तुम्ही बहुधा यात बसणार नाही, पण शेजारच्या खाटेवरचा माणूस बसत असेल, आणि त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दलही तेच. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ५ लाखांपर्यंत, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. दवाखाना योजनेत असेल आणि आजार यादीत असेल तर वरून एक रुपया घेता येत नाही. 'योजनेत साधं भेटते, चांगलं पाहिजे तर वरचे भरा' असं कोणी म्हणालं तर तिथूनच १५५३८८ ला फोन लावा, आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) समोर बोलवा. अपघाताच्या रुग्णासाठी मे २०२५ पासून केंद्राची वेगळी योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाख. आपल्याकडे अमरावती रोड आणि वर्धा रोडवरून रात्री आणलेल्या रुग्णांचे नातेवाईक पहिल्या तासात खिसे रिकामे करून बसतात, नंतर त्यांना हे कळतं.

आता ग्राहक आयोगाकडे. पैसे देऊन घेतलेला उपचार ही ग्राहक कायद्यातली सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली ठरवलं. २०१९ चा नवा कायदा आल्यावर त्यात 'आरोग्य' हा शब्दच नाही असा मुद्दा डॉक्टरांच्या बाजूनं काढला गेला, तो २०२२ मध्ये फेटाळला गेला. तुमच्या कामाची दोन कलमं म्हणजे व्याख्याच आहेत. ग्राहकाला लागणारी माहिती जाणूनबुजून दडवणं म्हणजे सेवेतली त्रुटी, आणि बिल किंवा पावती न देणं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा. त्या काउंटरवरच्या पोराचं 'सिस्टीममधून असंच निघते' हे वाक्य दोन्हीत बसतं. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात फी शून्य, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्ह्यातच चालतात. मुदत दोन वर्षांची. वकील लावायची सक्ती नाही. माझ्या पोटावर पाय येतो, पण अशा सरळ हिशोबाच्या प्रकरणात तुम्ही स्वतः उभं राहिलात तरी चालतं. आणि दावा तुम्ही राहता तिथे लावता येतो. छिंदवाडा, बालाघाटहून नागपुरात उपचाराला येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. ते नागपूरच्या तारखांना येऊन येऊन थकतात आणि सोडून देतात. त्यांना आपल्या गावच्या आयोगात जाता येतं.

कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत. त्यावर विसंबून कोणाला उधारी फेडायचा वायदा करू नका. माझ्याकडची निम्म्याहून जास्त बिलाची प्रकरणं दावा लागायच्या आधी, नोटिशीवर किंवा महापालिकेकडच्या तक्रारीवर मिटली, कारण बाबवार तक्ता समोर आला की दवाखान्यालाही तारखा नको असतात. तक्रार दोन्हीकडे एकदम टाकू नका. आधी दवाखाना, पंधरा दिवसांनी महापालिका, मग आयोग. त्या क्रमानं गेलात तर आयोगाच्या फाइलीत आधीची दोन्ही उत्तरं लागतात, किंवा उत्तर न दिल्याचा पुरावा लागतो, आणि तोही चालतो.

तर पहिला अर्ज असा लिहा: "डॉ. (नाव) आणि व्यवस्थापक, (दवाखाना). माझे वडील (नाव, आयपीडी नंबर) अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्याकडे भरती होते. बिल क्रमांक अमुक, रक्कम २,३८,०००. १) ४,५०० रुपये भाड्याच्या खोलीवर १,३५० रुपये जीएसटी कोणत्या तरतुदीनुसार घेतला ते कळवावे. २) औषधे व साहित्य ७१,४०० रुपये, याचा बॅच नंबर, नग आणि दरासह तपशील व परत घेतलेल्या मालाची नोंद द्यावी. ३) सहाव्या दिवसाच्या आकारणीचे कारण आणि अंतिम बिल विमा कंपनीला पाठवल्याची वेळ कळवावी. ४) ट्रीटमेंट चार्ट, नर्सिंग नोट्स, ऑपरेशन व भूल नोट यांच्या प्रती ७२ तासांत द्याव्यात, झेरॉक्सचा खर्च मी देईन." दोन प्रती करा, सोबत वडिलांचं संमतिपत्र जोडा, एका प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का मारत नसतील तर तिथेच वाद न घालता सरळ जीपीओ गाठा आणि दोघांच्या नावे वेगवेगळी स्पीड पोस्ट करा.